अमेरिकेतले लॅटिनो (मेक्सिको, मध्य-दक्षिण अमेरिकेकडून आलेले किंवा तिकडच्या वंशाचे) लोक सरासरीने तरुण, तरी कोविडमध्ये तेच जास्त का गेले? नियम आणि लस टाळायचे म्हणून का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाही. हे असलं बोलणं मी इथल्या आपल्या लोकांच्या पॉटलकमध्ये पण भरपूर ऐकलंय आणि दर वेळी डोकं फिरतं.

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या पूर्व भागात एका फार्मसीत काम करते, नवरा आयटीत. त्यामुळे एकाच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मी दोन वेगळे कोविड बघितले. मार्च २०२० मध्ये बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, सहा काउंट्यांनी मिळून घरात बसायचा आदेश काढला, बाकी अमेरिकेच्या आधी, आणि सनीव्हेल-क्युपर्टिनोतली आपली मंडळी लॅपटॉप घेऊन जी बेडरूममध्ये शिरली ती दीड-दोन वर्षं तिथेच. किराणा दारात, जेवण दारात. पण तो किराणा भरणारा, सलिनासच्या शेतात लेट्यूस तोडणारा, रिकाम्या ऑफिसच्या फरशा पुसणारा माणूस रोज पहाटे बाहेर पडतच होता ना, आणि तो बहुतेक मेक्सिको नाहीतर एल साल्वादोरकडचा. आमच्या काउंटीत लॅटिनो साधारण पाव लोकसंख्या, पण पहिल्या वर्षाच्या केसेसमध्ये निम्म्याच्या आसपास तेच होते.

याचा फार स्वच्छ पुरावा सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातला आहे. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आणि स्थानिक लॅटिनो संघटनांनी मिळून चार दिवस रस्त्यावर तंबू टाकून जवळपास तीन हजार लोकांची टेस्ट केली, लक्षणं असोत नसोत. टेस्ट केलेल्यांत लॅटिनो निम्म्याहून कमी होते, पण पॉझिटिव्ह आलेल्यांत ९५ टक्के. आणि पॉझिटिव्ह लोकांपैकी ९० टक्क्यांना घरून काम करणं शक्यच नव्हतं. अर्ध्याहून जास्त जणांना लक्षणं काहीच नाहीत, म्हणजे माणूस खडखडीत असल्यासारखा कामावर जातोय आणि घरी येतोय. एकच गल्ली, तीच दुकानं, तीच बस, फरक फक्त कामाचा.

घर हा दुसरा मुद्दा. भाडी इथली तुम्हाला माहिती असतीलच, दोन बेडरूममध्ये दोन कुटुंबं, हॉलमध्ये मामा, वर आजी. 'वेगळ्या खोलीत राहा, वेगळं बाथरूम वापरा' हा सल्ला आमच्या काउंटरवरच्या पत्रकात छापलेला होता, आणि तो देताना मलाच कसंतरी व्हायचं, मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाला होम क्वारंटाइन हो म्हणण्यातलाच प्रकार. त्यात आजारी पडलास तर पगार कापला. २०२० मध्ये सरकारने दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला खरा, पण ५०० च्या वर कामगार असलेल्या कंपन्यांना त्यातून सूट, म्हणजे मोठे मांस कारखाने नेमके बाहेर. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या जुलै २०२० च्या अहवालात मांस आणि कोंबडी प्रक्रिया कारखान्यांतल्या १६ हजारांवर केसेस मोजल्यात, आणि ज्यांचा वंश नोंदवला होता त्यांच्यात ५६ टक्के हिस्पॅनिक (सरकारी आकडेवारीत लॅटिनोंना साधारण हाच शब्द). साखळीवर खांद्याला खांदा लावून उभं राहून कापायचं, थंडगार हवा, मशिनच्या आवाजात ओरडून बोलायचं, व्हायरसला अजून काय पाहिजे. एप्रिलच्या शेवटी ट्रम्पनी हे कारखाने चालू ठेवायचा आदेश काढला.

आता 'तरुण असूनही' याबद्दल. इथेच बऱ्याच लोकांची आकडे वाचताना गफलत होते. कोविड म्हाताऱ्यांना जास्त मारतो, गोऱ्या अमेरिकनांत म्हातारे जास्त, त्यामुळे नुसती लोकसंख्येतली आणि मृत्यूंतली टक्केवारी शेजारी ठेवली तर वाटतं की फारसा फरकच नाही. वयाचा हिशोब धरून तुलना केली की चित्र उघडं पडतं, महामारीच्या पहिल्या काळात लॅटिनोंचा मृत्युदर गोऱ्यांच्या दुपटीच्या वर होता. २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत नेहमीच्या वर्षांपेक्षा एकूण मृत्यू किती वाढले ते बघा, गोऱ्यांमध्ये सुमारे १२ टक्के, हिस्पॅनिक लोकांमध्ये ५३.६ टक्के. हे गेले ते बरेचसे कमावते. चाळीस-पन्नाशीचा माणूस, मागे शाळेतली पोरं.

आणि वाईट याचं वाटतं की हे लोक मुळात जास्त जगणारे. गरिबी जास्त, विमा नसलेले पाचात जवळपास एक, मधुमेह जास्त, तरी २०१९ मध्ये त्यांचं सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षं आणि गोऱ्यांचं ७८.८. यावर संशोधक १९८० च्या दशकापासून डोकं खाजवतायत, सिगरेट कमी ओढतात, निरोगी माणूसच स्थलांतर करून येतो, घरची माणसं सांभाळतात, अशी बरीच कारणं देतात. २०२१ मध्ये हे आयुर्मान ७७.७ वर आलं. दोन वर्षांत चार वर्षांवर घट. रक्तात काही खोट असती तर २०१९ चा आकडा तसा आलाच नसता.

भीतीबद्दल वेगळं सांगायला पाहिजे कारण भारतातून ते दिसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे व्हायरस येऊन थडकतोय त्याच वेळी, 'पब्लिक चार्ज'चा कडक नियम लागू झाला, सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल असा. टेस्ट आणि उपचारांना तो लागू नाही असं सांगितलं गेलं, पण हे कोण वाचत बसतंय, लोकांनी एवढंच धरलं की सरकारी कागदावर नाव नको. मार्चच्या मदत पॅकेजमधून कागदपत्रं नसलेले तर वगळलेच, वर नवराबायकोपैकी एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल आणि टॅक्स एकत्र भरला असेल तर दुसरा नागरिक असूनही त्याचा चेक गेला. कॅलिफोर्नियाने नंतर स्वतःच्या पैशातून अशा लोकांना माणशी ५०० डॉलर दिले, काहीच नसण्यापेक्षा बरं.

लसीचं पण तेच. सुरुवातीला लॅटिनोंचं प्रमाण कमी होतं हे खरं, पण अपॉइंटमेंट कशी मिळायची आठवा, इंग्रजी वेबसाइट, रात्री बारा वाजता रिफ्रेश मारत बसायचं, आणि स्लॉट मिळाला तर तो मंगळवारी सकाळी अकराचा. शिफ्टवाल्याने काय करायचं? राज्याने गरीब वस्त्यांसाठी राखीव कोड काढले तर ते घरून काम करणाऱ्या लोकांच्या ग्रुपवर फिरले, पेपरात आलं होतं. आमच्याकडे एक बाई लायनीत तासभर उभी राहून फॉर्मवरचा विम्याचा रकाना बघून परत निघाली होती. फुकट आहे म्हटलं तर माझ्याकडे बघून हळूच विचारते, आज फुकट की नंतर बिल येणार? घेतली तिने, आणि पुढच्या आठवड्यात बहीण, दीर आणि दोन शेजारणींना घेऊन आली. 'प्रोमोतोरा' म्हणजे आपल्या आशा ताईंसारख्या वस्तीतल्याच बायका असतात, त्यांनी चर्चच्या आवारात, शेताच्या बांधावर, रविवारी, स्पॅनिशमध्ये समजावलं आणि गाडी हलली. २०२२ उजाडेपर्यंत लॅटिनोंचं लसीकरण गोऱ्यांच्या बरोबरीला आलं आणि थोडं पुढेही गेलं.

२०२२ मध्ये लॅटिनोंचं आयुर्मान ८० पर्यंत सावरलं, म्हणजे तेव्हाही २०१९ च्या खालीच. काउंटरवर मला जास्त दिसतात ते त्या दोन वर्षांत डॉक्टरकडे न गेलेले लोक, शुगरच्या गोळ्या अर्ध्या करून घेतलेले, आता थेट इन्सुलिनची चिठ्ठी घेऊन येतात.