थारांटला यायचं असेल तर

दापोलीची बीएससी फॉरेस्ट्री यंदा संपतेय, लगेच जर्मनीत थारांटला ट्रॉपिकल फॉरेस्ट्री, म्हणजे उष्ण कटिबंधातलं वनशास्त्र, शिकायला येऊ का, आणि पुढे आफ्रिकेत काम मिळेल का, असं तू विचारलंस.

लगेच नको. विकसनशील देशांतल्या लोकांसाठी डीएएडी या जर्मन संस्थेची जी शिष्यवृत्ती आहे, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ती नाही मिळाली तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हे घरी आत्ताच सांगून ठेव. एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे तुझी पदवी खरी असल्याच्या जर्मन दाखल्याचा, अर्जही लवकर टाक.

मधली दोन वर्षं गडचिरोलीत घाल. तिथल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकते. ते जवळून बघ. का, ते सांगतो.

थारांट म्हणजे ड्रेस्डेनजवळचं एवढंसं गाव. हाइनरिश कोटा या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८११ मध्ये आपली वनशाळा तिथे आणली. झाडं मोजायला तिथे उत्तम शिकवतात. मी तेवढंच शिकून घानात आलो आणि कोकोवाल्या शेतकऱ्यांना सावलीच्या झाडांचे फायदे सांगत सुटलो. ते मान डोलवायचे, आणि रोपटं दिसलं की उपटायचे! कारण आपोआप उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडावर हक्क सरकारचा. उद्या ठेकेदार ते पाडणार, खालचा कोको मोडणार, भरपाईचा पत्ता नाही. मग कशाला वाढवायचं?

उलट टाँग्या बघ. सागाच्या ओळींमध्ये पिकं घ्यायची ही पद्धत ब्रह्मदेशातली. ब्रांडिस नावाच्या जर्मनाने ती तिथे सागलागवडीसाठी वापरली, तोच पुढे हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक. घानात २००२ पासून तिच्या सुधारित रूपात लाकडाच्या उत्पन्नातला ४० टक्के वाटा शेतकऱ्याचा. तिथे रोपं कुणी उपटत नाही.

म्हणून ऐच्छिक विषयांत जमिनीचे कायदे घे, रिमोट सेन्सिंग (उपग्रहांवरून जंगल मोजणं) काय, नंतरही शिकता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या जेपीओ, म्हणजे तरुणांसाठीच्या कनिष्ठ अधिकारी जागांवर फार भिस्त ठेवू नकोस. पैसे देणारा देश बहुधा आपल्याच नागरिकांना घेतो. त्यापेक्षा जिथे नोकरी हवी तिथेच थीसिसचं फील्डवर्क कर, मला काम तसंच मिळालं. काँगो, कॅमेरून, गॅबन डोक्यात असेल तर फ्रेंचशिवाय निघू नकोस. माझी फ्रेंचची पुस्तकं पुण्यात आईकडे पडून आहेत, जाऊन घेऊन ये.