पत्रिकेवरचा नाजूक फॉन्ट छापल्यावर जातो कुठे?

प्रश्न : भाऊ, माझं चोपड्याला डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नसराईत सगळं काम पत्रिकांचंच. आजकाल पोरं मोबाइलवर इंग्रजी पत्रिका दाखवतात, ते बारीक, वळणावळणाचं, हाताने लिहिल्यासारखं अक्षर, आणि म्हणतात मराठीत अस्संच पाहिजे. स्क्रीनवर झकास दिसतं, पण स्क्रीन प्रिंटिंगने सोनेरी छापून आलं की निम्म्या रेघा गायब. कोणता फॉन्ट घेऊ? – एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, पोरं दाखवतात ते अक्षर बहुतेक ग्रेट व्हाइब्स नाहीतर ॲलेक्स ब्रशच्या जातीचं असतं आणि त्यात देवनागरी नाहीच. ते वळण टोकदार निबचं, खाली येताना दाब दिला की रेघ जाड, वर जाताना केसाएवढी. आपलं अक्षर बोरूचं, टाक तिरपा कापलेला, जाड-बारीक होतं ते त्या कापामुळे, दाबामुळे नाही, त्यामुळे इंग्रजीची तऱ्हा मराठीवर चढवली की शिरोरेघ दिसेनाशी होते, काना लोळायला लागतो आणि 'चि. ज्ञानेश्वर' वाचताना आजोबा पत्रिका लांब धरतात.

गूगल फॉन्ट्सवर अमिता आहे, कलम आहे, दोन्ही फुकट आणि धंद्याच्या कामाला चालतात. वधूवरांच्या नावाला मी अमिता घेईन, वळण आहे तरी अंगात जीव आहे. कलम लाइट म्हणजे पेनाने भरभर लिहिल्यासारखं, हळदीच्या कार्डाला गोड दिसतं, पण खाली पोरांच्या नावाने 'आमना दादाना लगीनले येवानं बरं का' टाकायचं असेल तर त्याचाच रेग्युलर घ्या, लाइट तेवढ्या बारीक साइझला टिकत नाही. नाजूक अक्षर फक्त दोन नावांना, तेही ३६ पॉइंटच्या वर, बाकी मुहूर्त, स्थळ, निमंत्रक वगैरे सरळ मुक्ता या साध्या फॉन्टमध्ये.

रेघा गायब होतात त्यात दोष एकट्या फॉन्टचा नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई जाळीतून उतरते, रेघ जाळीच्या धाग्याएवढीच बारीक असली की मधेमधे तुटणारच, आणि खडबडीत कागद असला तर खड्ड्यात शाई बसतच नाही (मखमली कागदाचा हट्ट धरणारी गिऱ्हाइकं वेगळीच). कोरलड्रॉमध्ये अक्षराला त्याच रंगाची पाव पॉइंटची आउटलाइन द्या, कमी वाटली तर अर्धा, पण मग क्ष, श्र, ज्ञ यांची पोकळी बुजली का ते झूम करून बघा. मजकूर घरच्यांकडून वाचून घ्या आणि मगच कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांची चित्रासारखी आकृती करा, एकदा कर्व्ह झालं की टाइप करून दुरुस्ती होत नाही आणि 'कृष्णा'चा 'क्रुष्णा' राहून गेला तर पूर्ण गठ्ठा तुमच्या गळ्यात.

आणि ज्या कागदावर छापायचंय त्याच कागदावर एक नमुना काढून गिऱ्हाइकाची सही घ्या, नमुन्याचे पैसे बिलात लावा, लाजू नका.