रेट्रो रूपाची छोटी सेकंडहँड गाडी घ्यावी का? घेताना काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की पहिलीच गाडी घेताय, दहा-वीस वर्षं जुनी चालेल, रोजच्या जाण्यायेण्याला हवी, आणि मन मिनी, फियाट ५००, न्यू बीटल आणि पीटी क्रूझर यांच्यात अडकलंय. सगळे म्हणतात की दिसण्यावर भुलू नका. मी अशा दोन गाड्या वापरल्या आहेत, आणि ओळखीतलं कुणी अशी गाडी बघायला निघालं की हौसेने सोबत जातो. माझं मत स्पष्ट आहे : जरूर घ्या. जी गाडी आवडते तिचं ऑइल माणूस वेळेवर बदलतो, तिचा बारीक आवाजही त्याच्या कानाला लागतो, आणि जुन्या गाडीला एवढं लक्ष पुरतं. फक्त त्या रूपाच्या आत नेमकी कोणती गाडी आहे, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे.

कारण या गाड्यांचा चेहरा जुना असला तरी यंत्र जुनं नाही. मूळ बीटलचं इंजिन मागे होतं आणि हवेने थंड व्हायचं. १९९७ पासून बनू लागलेल्या न्यू बीटलचं इंजिन पुढे आहे, पाण्याने थंड होतं, आणि खालचा सांगाडा चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फचा आहे. पहिल्या स्कोडा ऑक्टाव्हियाखालीही तोच. मूळ फियाट ५०० आली ४ जुलै १९५७ ला. नवी आली बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ ला, आणि तिच्याखाली आहे फियाटच्याच पांडा या गाडीचा सांगाडा. फोर्डची दुसऱ्या पिढीची ‘का’ही पोलंडमधल्या त्याच कारखान्यात त्याच सांगाड्यावर तयार होत असे. पीटी क्रूझरमध्ये क्रायस्लरच्या निऑनचे बरेच भाग आहेत. मिनी तेवढी वेगळी. बीएमडब्ल्यूने तिचा सांगाडा तिच्यासाठीच घडवला, मागची चाकंही महागड्या मल्टिलिंक, म्हणजे अनेक दांड्यांच्या, सस्पेन्शनवर बसवली. ती वळणावर जशी चिकटून जाते त्याचं श्रेय त्याला आहे, आणि जुनी झाल्यावर त्या दांड्यांच्या सांध्यांतले रबरी बुश बदलायचा खर्च वाढतो तोही त्यामुळेच.

याचा खरेदीवर होणारा परिणाम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. क्लच, ब्रेक, सेन्सर, पाण्याचा पंप असे भाग इतर चारचौघी गाड्यांतही असतात, त्यामुळे ते मिळतात आणि मेकॅनिकच्या हातालाही ओळखीचे असतात. जे रूपासाठी बनलं ते मात्र फक्त त्याच गाडीचं असतं : गोल दिवे, बंपर, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डचे रंगीत भाग, दरवाजाची हँडलं. पीटी क्रूझरचं उत्पादन २०१० मध्ये थांबलं, बीटलची पुढची पिढीही २०१९ मध्ये संपली. माझ्या एका गाडीचा क्लच गेला तेव्हा ती लगेच दुरुस्त होऊन आली. त्याच गाडीचा मागचा दिवा फुटला तेव्हा नवा दिवा मिळेपर्यंत ती कित्येक आठवडे उभी राहिली. म्हणून रेट्रो गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाइतकाच वेळ बाहेरून एक चक्कर मारण्यात घालवा. फुटका दिवा, गायब पट्टी, तुटलेलं हँडल दिसलं तर तो भाग कुठे आणि केवढ्याला मिळतो याची चौकशी सौद्याआधीच करा. ‘किरकोळ आहे, मिळून जाईल’ असं विकणारा म्हणाला, तर त्याच्याकडूनच बसवून घ्या.

आता मिनी. तुमच्या यादीत तिचं नाव पहिलं आहे आणि सगळ्यात जास्त फसगतही तिच्याच बाबतीत होते. २००१ ते २००६ ची आणि त्यानंतरची मिनी दिसायला जुळ्या बहिणी, पण आतून अगदी वेगळ्या. ओळखायची खूण सोपी आहे : बॉनेट उघडा. पुढचे गोल दिवे बॉनेटबरोबर वर उचलले गेले तर पहिली पिढी, दिवे जागेवरच राहिले तर दुसरी. ओपन टॉप मिनी बघत असाल तर आणखी सावध राहा, कारण तिची जुनी पिढी २००८ पर्यंत चालू होती.

पहिल्या पिढीचं १.६ लिटरचं इंजिन क्रायस्लर आणि बीएमडब्ल्यूच्या भागीदारीतून ब्राझीलमध्ये बनायचं. रांगडं आहे, फार नाजूक नाही. तिचा त्रास दुसरीकडे आहे. साध्या कूपर आणि वन या मॉडेलांच्या सुरुवातीच्या गाड्यांचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बेअरिंगमध्ये कच्चा होता. २००४ च्या मध्यापासून तो बदलला, त्यामुळे त्यानंतरची मॅन्युअल मिळाली तर उत्तम. त्या काळातली सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, मी कुणालाच घेऊ देत नाही. स्टेअरिंगचा विजेवर चालणारा पंपही तपासा. तो गाडीच्या खालच्या बाजूला असतो, त्याला थंड ठेवणारा छोटा पंखा कचरा आणि पाण्याने बंद पडतो आणि मग पंपही जातो.

दुसऱ्या पिढीत इंजिन आलं ते प्यूजो-सिट्रोएनबरोबर मिळून केलेलं. त्यातलं कूपर एस या जोरदार मॉडेलमधलं २०१० पर्यंतचं टर्बो इंजिन, एन १४, बदनाम आहे आणि त्यात काही खोटं नाही. टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करवणाऱ्या साखळीचा, ताण धरणारा भाग ढिला पडतो, चेन खडखडते, आणि दुर्लक्ष केलं तर इंजिनच जातं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडत असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठते, शिवाय ते ऑइलही पितं. २०१० नंतरच्या एन १८ मध्ये यातलं पुष्कळ सुधारलं. टर्बो नसलेली साधी कूपर रोजच्या वापराला जास्त शहाणी निवड आहे. २०१४ पासूनच्या तिसऱ्या पिढीत बीएमडब्ल्यूचीच तीन आणि चार सिलिंडरची इंजिनं आली. तुमच्या पैशांत ती बसत असेल तर आधी तीच बघा.

चेनचा खडखडाट इंजिन गार असताना पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतो, गरम झाल्यावर दबतो. म्हणून जाण्याआधी विकणाऱ्याला सांगून ठेवा की गाडी सकाळपासून सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत दुसऱ्या दिवशी जा. हे मी प्रत्येक गाडीला करतो, मिनी असो वा नसो.

फियाट ५०० मध्ये निवड सोपी आहे. १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन फियाटच्या ‘फायर’ घराण्यातलं, १९८५ पासून चालत आलेलं. ताकद ६९ अश्वशक्ती, म्हणजे घाईच्या माणसाचं काम नाही, पण यंत्र सरळ आहे आणि दुरुस्ती स्वस्त. दोन सिलिंडरचं ट्विनएअर चालवायला मजेदार असतं, मात्र त्याचे व्हॉल्व्ह ऑइलच्या दाबावर चालतात. मागच्या मालकाने योग्य ऑइल वेळेवर घातलं होतं याचे कागद नसतील तर सोडून द्या. ड्युअलॉजिक हा आपोआप बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. खरा ऑटोमॅटिक समजून घेऊ नका, गर्दीत तो धक्के देतो. पहिली गाडी आहे म्हणून एक गोष्ट सांगणं मला भाग आहे : युरो एनकॅप या युरोपातल्या टक्कर-चाचणीत या गाडीला २००७ साली पाच तारे मिळाले होते आणि २०१७ साली तीन. मधल्या काळात कसोटी कडक झाली. जुन्या गाडीवरचे तारे तिच्या काळाच्या मापाने वाचायचे असतात, हे चारही गाड्यांना लागू आहे.

न्यू बीटलमध्ये सुरुवातीची चार गिअरची ऑटोमॅटिक टाळा. काचा वरखाली करणाऱ्या यंत्रणेतल्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात, तेव्हा प्रत्येक काच पूर्ण खाली नेऊन वर आणून बघा. मागच्या सीटवर स्वतः बसा, छताचा गोल उतार नेमका डोक्यावर येतो. पीटी क्रूझर या चौघींत सगळ्यात कामाची : उंच, ऐसपैस, मागच्या सीट काढून ठेवता येतात. पण वळायला जागा जास्त मागते आणि इंजिनाभोवती इतकी दाटी आहे की टायमिंग बेल्ट (चेनचंच काम करणारा रबरी पट्टा) बदलण्याची मजुरी भागापेक्षा जड जाते.

पट्ट्यावरून मूळ मुद्द्याकडे येतो. रेट्रो गाडी पुष्कळदा घरातली दुसरी गाडी असते, सुट्टीच्या दिवशी बाहेर निघणारी. त्यामुळे जाहिरातीत किलोमीटरचा आकडा फार गोड दिसतो. पण टायमिंग बेल्ट, कूलंटचे रबरी पाइप, सस्पेन्शनचे बुश, टायर हे सगळं नुसत्या वयानेही म्हातारं होतं. बेल्टची मुदत कंपनी किलोमीटर आणि वर्षं दोन्हींत देते, जे आधी संपेल ते धरायचं. न्यू बीटलच्या बेल्ट असलेल्या पेट्रोल इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, तेव्हा बेल्टबरोबर पंपही बदलला होता का हे विचारा. बिल असेल तर बदलला, बिल नसेल तर बदलला नाही असंच धरून चालायचं. टायरच्या बाजूवरच्या डीओटी खुणेतले शेवटचे चार आकडे वाचा : २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी आणि वय दहा वर्षं, असे टायर या गाड्यांवर मी वारंवार पाहिले आहेत. थोडक्या किलोमीटरच्या गाडीपेक्षा, बऱ्यापैकी चाललेली पण दर वर्षी सर्व्हिस झालेली आणि फाइलमध्ये सगळी बिलं असलेली गाडी मी केव्हाही आधी निवडेन. तुमच्या ठरवलेल्या रकमेतला पाचवा भाग बाजूला ठेवा आणि उरलेल्यात गाडी शोधा. तो भाग पहिल्याच महिन्यात बेल्ट, द्रव आणि टायरमध्ये कामी येईल.

तपासायला जाताना ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष, वाचणारं छोटं यंत्र सोबत न्या, स्वस्तात मिळतं, आणि युरोपात विकल्या गेलेल्या साधारण २००१ नंतरच्या पेट्रोल गाड्यांना त्याची जागा असतेच. इंजिनाचा दिवा बंद असला तरी यंत्र लावा. एखाद्याने दोषांचे कोड नुकतेच पुसले असतील तर आतल्या चाचण्या अजून ‘तयार नाही’ असं ते दाखवतं. विकणाऱ्याला त्याचं कारण विचारा. समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही तर तिथेच थांबा.

फिरवताना रेडिओ बंद ठेवा. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा, टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा गेलाय. चढावर वरच्या गिअरमध्ये दाबून बघा, इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाही म्हणजे क्लच संपला. वेगात पाय काढून पुन्हा दाबताना मागे निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. कापडी छताची गाडी असेल तर छत माझ्यासमोर दोनदा उघडून मिटवा असं सांगा, आणि मग गालिच्याखाली हात घालून ओल बघा. पाणी जाण्याच्या नळ्या तुंबल्या की ते आत उतरतं आणि तारा-मॉड्यूल खराब करतं. हा दोष शोधायला सगळ्यात वेळखाऊ.

चेसिस नंबर, म्हणजे सतरा अक्षरांचा व्हीआयएन, कागदावरचा आणि गाडीवरचा जुळवा आणि कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणं, बाकी आहे का ते बघा. एअरबॅगसारख्या गोष्टींचे रिकॉल जुन्या गाड्यांवर वर्षानुवर्षं न केलेले राहतात, आणि ते काम बहुतेक वेळा फुकट होतं. शेवटी, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून घ्या. विकणारा याला नाही म्हणाला तर कारण ऐकत बसू नका.

तुमच्या गरजेकडे पाहून मी असं म्हणेन : दोघंच असाल आणि बहुतेक फिरणं शहरातलं असेल तर १.२ ची मॅन्युअल फियाट ५००. लांबचं चालवायला आवडत असेल तर २०१० नंतरची टर्बो नसलेली कूपर. आईवडील किंवा सामान नेहमी बरोबर असेल तर पीटी क्रूझर, बेल्ट बदलल्याचं बिल हातात असेल तरच. न्यू बीटल माझी स्वतःची आवडती, पण ती मी तुम्हाला तेव्हाच घ्या म्हणेन जेव्हा आधीच्या मालकाने ती जपल्याची फाइल तुमच्यासमोर असेल. एखादी गाडी नजरेत भरली असेल तर तिचं साल, इंजिन आणि गिअरबॉक्स इथेच खाली लिहा, त्या नेमक्या जोडीत काय बघायचं ते सविस्तर सांगतो.