माया लिपीला 'चित्रलिपी' म्हणू नका

प्रश्न असा : टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांचं लेखन आणि कला यांवर अभ्यासकांची परिषद भरत आली आहे. तिच्याविषयी मराठीत लिहिताना 'माया चित्रलिपी' म्हणावं का? आणि 'माया' की 'मायन'?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. लोक, संस्कृती, लिपी हे सगळं 'माया'. भाषाकुळाला 'मायन' चालेल. वेदान्तातल्या मायेशी किंवा मयासुराशी या नावाचा काडीचाही संबंध नाही. तो जोडणारे लेख आता पुरे झाले.

'चित्रलिपी' मात्र साफ चूक. जग्वारचं डोकं दिसलं की चित्र म्हणून मोकळं व्हायचं! तोच जग्वार, म्हणजे 'बालम', ब-ल-म अशा तीन अक्षरचिन्हांनीही लिहीत. मेक्सिकोतल्या पालेंके या माया नगरीचा राजा पकल इ.स. ६८३ मध्ये वारला. 'पकल' म्हणजे ढाल, म्हणून त्याचं नाव कधी ढालीच्या एकाच चिन्हाने लिहीत, कधी प-क-ल असं फोडून. शेवटच्या चिन्हातला स्वर लिहायचा, पण उच्चारायचा नाही. 'कमळ' लिहून शेवटचा 'अ' गिळणाऱ्या मराठी माणसाला यात नवल ते काय? सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव्हने १९५२ मध्ये अक्षरचिन्हांची ही रीत दाखवली. माया संस्कृतीचा ब्रिटिश अभ्यासक एरिक थॉम्पसन मात्र १९७५ मध्ये मरेपर्यंत ती नाकारत राहिला. माया कालगणनेवरचं त्याचं काम मोठं आहे, पण चिन्हांमागे उच्चार नसून कल्पना आहेत, या त्याच्या हट्टापायी वाचन रखडलं. आपले लेखक 'चित्रलिपी' म्हणतात तेव्हा नकळत त्याचीच री ओढतात.

आता मला खरा आनंद देणारा शब्द : 'त्सीब'. अभिजात माया भाषेत याचा अर्थ लिहिणंही आणि रंगवणंही. कोकोच्या पेल्यांच्या काठावरच्या मजकुरात हा शब्द वारंवार येतो. लिहिणारा-रंगवणारा तो 'आह त्सीब'. ऑस्टिनची परिषद १९७७ मध्ये सुरू करणारी लिंडा शेली मुळात चित्रकार होती, आणि पालेंकेच्या राजांची वंशावळ उलगडणाऱ्यांत तीही होती, हा मला योगायोग वाटत नाही.

आणि आपला 'लिख्'? मूळ अर्थ ओरखडणं. त्यातून लिहिणं आणि चित्र काढणं दोन्ही निघाली. मेघदूतातला यक्ष शिळेवर गेरूने प्रियेचं चित्र काढतो, तिथे कालिदासाचा शब्द 'आलिख्य' आहे. 'चित्रलिखितासारखा उभा राहिला' असं आपण अजून म्हणतो. धातू वेगळे, खंड वेगळे, पण हाताची क्रिया एकच, म्हणून दोन्हीकडे लिहिण्याला आणि रंगवण्याला शब्दही एकच. 'लिपी'चंही मला तसंच वाटतं. हा शब्द इराणी 'दिपि'वरून आला, असं विद्वान ठणकावून सांगतात. शाहबाझगढीच्या अशोकलेखात 'दिपि' आहे, हे मान्य. पण 'द'चा 'ल' कुणी केला? माझं उत्तर : 'लिप्' धातूने, म्हणजे आपल्या लिंपण्याने. ऐकणाऱ्याला त्या परक्या शब्दात रंगाचं बोट ऐकू आलं, एवढं मानायला काय हरकत आहे?

तेव्हा परिषदेला 'माया लेखन व कला परिषद' म्हणा. आणि 'आह त्सीब'चं भाषांतर 'लेखनिक' करू नका, तो कचेरीतला कारकून वाटतो. सावंतवाडीत, गोव्यात 'चितारी' हा शब्द आहे. मी तोच वापरीन.