वाचनालयाच्या ऑनलाइन सर्वेक्षणात कोणत्या प्रश्नाला उत्तराचा कोणता प्रकार ठेवावा?

सभासदांचं वय, वाचनाची आवड आणि समाधान, हे तिन्ही गूगल फॉर्मवर कसं विचारावं असा तुमचा प्रश्न आहे. मी संस्थांना प्रश्नावल्या करून देते. माझा पहिला आग्रह असा, की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हाती आल्यावर त्याचं काय करणार, हे आधी कागदावर लिहा.

वयाचे गट देऊ नका, जन्मवर्ष विचारा. 'शॉर्ट आन्सर' (एका ओळीत लिहायचं उत्तर) ठेवून फक्त चार आकडी वर्षच स्वीकारलं जाईल अशी अट घाला. गट नंतर हवे तसे पाडता येतात. गटातून नेमकं वय मात्र काढता येत नाही.

खरी काळजी आवडीच्या प्रश्नाची. 'लागू असतील ते सर्व निवडा' म्हणून चेकबॉक्सची लांब यादी दिली, की पुष्कळ जण वरच्या दोन-तीन खुणा करून पुढे सरकतात. अमेरिकेत स्मिथ, डिलमन आणि सहकारी या सर्वेक्षण-अभ्यासकांनी २००६ साली हेच तपासलं. तीच यादी एकेका पर्यायाला 'होय/नाही' अशी विचारली, तेव्हा लोकांनी जास्त पर्यायांना होकार दिला. तुम्ही यावरून पुस्तक खरेदी ठरवणार असाल तर ग्रिड (ओळी-स्तंभांचा तक्ता) घ्या: ओळींत कादंबरी, चरित्र, बालसाहित्य, स्पर्धा परीक्षा, स्तंभ दोनच, होय आणि नाही. प्रत्येक ओळीला उत्तर सक्तीचं करा, ओळींचा क्रम आपोआप बदलता ठेवा. पाच-सहा स्तंभांचं ग्रिड मात्र नको, मोबाइलवर ते आडवं सरकवावं लागतं.

समाधानासाठी नुसते आकडे देऊ नका. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात 'आयुष्यात किती यशस्वी झालात?' हा प्रश्न दोन मोजपट्ट्यांवर विचारला होता. ० ते १० या पट्टीवर ३४ टक्के लोकांनी ० ते ५ मधला आकडा निवडला; उणे ५ ते अधिक ५ वर त्याच खालच्या भागात, म्हणजे उणे ५ ते ० मध्ये, फक्त १३ टक्के आले. प्रश्न तोच, आकडे बदलले आणि उत्तरं बदलली. गूगलच्या लिनिअर स्केलवर, म्हणजे आकड्यांच्या पट्टीवर, शब्द फक्त दोन टोकांना लिहिता येतात, म्हणून मी साधा मल्टिपल चॉइस (यादीतला एकच पर्याय निवडायचा) घेते: खूप समाधानी, समाधानी, धड ना समाधानी ना नाराज, नाराज, खूप नाराज. शिवाय 'ही सोय वापरलेली नाही' हा पर्याय वेगळा हवाच. अभ्यासिकेत कधी न बसलेला माणूस नाहीतर मधला पर्याय निवडतो आणि तुमचा निष्कर्ष बिघडतो.

ड्रॉपडाउन (दाबल्यावर उघडणारी यादी) फक्त गावांच्या लांब यादीसाठी. फाइल मागूच नका, त्यासाठी गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं आणि ज्येष्ठ सभासद तिथेच अडकतात.

मोकळं लिहिण्याची जागा शेवटी एकच आणि ऐच्छिक ठेवा. कुणी देवनागरीत लिहील, कुणी रोमन लिपीत, त्यामुळे ती उत्तरं मोजायला वेळ लागेल; पण ती सगळी वाचाच, कारण यादीत तुम्हाला न सुचलेल्या गोष्टी तिथेच सापडतात.