ऑस्टिओपॉन्टिनची तपासणी करून घ्यावी का?

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील 61 वर्षांचे आहेत. हिपॅटायटिस बी आणि त्यातून लिव्हर सिरोसिस झालाय. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी) करतो; या वेळी एएफपी 6 आला. भाचा म्हणतो, ऑस्टिओपॉन्टिन नावाच्या प्रोटीनवरून लिव्हरचा कॅन्सर पसरेल का ते कळतं. ही तपासणी कुठे होते?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : भाच्याचं वाचन चांगलं आहे, पण लॅब शोधत हिंडू नका.

मी पॅथॉलॉजिस्ट. सिरोसिस झालेल्या लिव्हरचा सुईने काढलेला तुकडा माझ्याकडे येतो, शेवईएवढा. ट्रायक्रोमने रंगवला की पेशींचे पुंजके तांबडे दिसतात आणि त्यांना आवळणारे कोलॅजनचे पट्टे निळे. पेशींबाहेरचं हे जाळं असतं सगळ्यांनाच. सिरोसिसमध्ये ते माजतं. ऑस्टिओपॉन्टिन याच जाळ्यातलं. हे नाव 1986 साली स्वीडनमध्ये मिळालं. ग्रीकमध्ये ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड, लॅटिनमध्ये ‘पॉन्स’ म्हणजे पूल. हाडातल्या प्रोटीनचं लिव्हरमध्ये काय काम, असं शिकत असताना मलाही वाटलं होतं! ते पेशीवरच्या इंटेग्रिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, आणि कॅन्सरच्या पेशीला जागा सोडून पुढे सरकायला हातभार लावतं. 2003 मध्ये शांघाय आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा पसरलेल्या गाठींत याच प्रोटीनचं जनुक ठळकपणे जास्त काम करताना दिसलं.

पण ते साध्या सिरोसिसमध्येही वाढतं, आणि लिव्हरशी संबंध नसलेल्या कॅन्सरमध्येही. वडिलांचा आकडा जास्त आला तर घरात कुणाला झोप लागणार नाही, आणि कळणार काहीच नाही.

एएफपीवरही फार विसंबू नका. कॅन्सरच्या कितीतरी गाठींत तो नॉर्मलच असतो. म्हणून 6 आला तरी सोनोग्राफीची तारीख चुकवायची नाही. गाठ दिसलीच तर डाय देऊन सीटी किंवा एमआरआय. सिरोसिसच्या रुग्णात बहुधा त्यावरच निदान होतं, सुई टोचावी लागत नाही.

विषाणूवरची गोळी चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पोटाच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. आणि आई, तुम्ही, तुमची भावंडं – कुणी एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा संसर्ग आहे का ते सांगणारी तपासणी) तपासलंय का? आधी ती साधी रक्ततपासणी सगळ्यांची करा. संसर्ग नसेल आणि लस झालेली नसेल, त्यांनी लस घ्या.