त्वचारोगशास्त्र ही डॉक्टरकीची वेगळी शाखा कधी आणि कुठे सुरू झाली?

साधारण १८०० च्या आसपास, आणि ठिकाणं दोन धरायची, लंडन आणि पॅरिस. लंडनमधे डॉ. रॉबर्ट विलन यांनी रोगाला नाव द्यायच्या आधी त्वचेवर नेमकं काय दिसतंय ते बघायची शिस्त लावली, पुळी आहे की पाण्याचा फोड, पू झालाय, खवले सुटतायत की नुसता डाग आहे, असे ८ गट पाडले, आणि आजही स्किनचे डॉक्टर तपासताना सुरुवात तिथूनच करतात. पॅरिसचं सेंट लुई हॉस्पिटल १८०१ पासून त्वचारोगांसाठी राखलं गेलं, एकाच आवारात भरपूर पेशंट आणि शिकणारी पोरं, माझ्या मते शाखा खरी उभी राहिली ती यामुळे. तिथेच १८३४ ला रेनुची या कॉर्सिका बेटावरच्या विद्यार्थ्याने खरजेच्या पेशंटच्या कातडीतून सुईच्या टोकावर जिवंत किडा काढून दाखवला, आणि ही युक्ती त्याने कॉर्सिकातल्या गरीब बायकांना करताना पाहिली होती! किती मोठी गोष्ट आहे ही. तरी खरूज रक्तदोषाने होते हा समज लगेच गेला नाही, त्यासाठी १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या डॉ. हेब्रांना प्रयोग करावे लागले. फक्त एक, त्वचारोगांवर लिखाण त्याआधीपासून आहे, इटलीच्या मर्क्युरियाले यांचं पुस्तक १५७२ चं, पण तेव्हा त्यासाठी वेगळे डॉक्टर किंवा वॉर्ड नव्हते.